शान्सींतील अफूमुक्तीचीं घरें

इसवी सन १८८६ च्या उन्हाळ्यांत चीन देशाच्या शान्सी प्रांतांत, हुंगतुंग नांवाच्या गांवीं, पन्नाशी गांठलेल्या एका चिनी विद्वानाला चायना इनलंड मिशनचा संस्थापक हडसन टेलर यानें त्या मुलखांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकपदाची दीक्षा दिली. सात वर्षांपूर्वीं हाच मनुष्य अफूच्या नळीवांचून एक दिवस काढूं शकत नव्हता. आणि आतां इतरांची अफू सोडविण्यासाठीं त्यानें उघडलेलीं घरें एका तालुक्यांतून दुसऱ्या तालुक्यांत पसरत होतीं. संस्थांच्या इतिहासांत असें वर्ष सुवर्णाक्षरांनीं लिहिण्याची चाल आहे. परंतु त्याच वर्षीं त्या घरांच्या चालकांपैकीं कांहीं जण फुटले, जुन्या घरांच्या शेजारींच आपलीं नवीं घरें थाटून बसले, आणि सारें कार्य बुडतें कीं तरतें अशी वेळ आली. आम्हांला तो वृत्तांत वाचतांना असें वाटलें कीं, अफूशीं झालेल्या झगड्यापेक्षां हा घरांतला झगडाच अधिक बारकाईनें पाहण्याजोगा आहे. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

या मनुष्याचें आडनांव शी. जन्म १८३५ सालचा, पिंगयांग शहराजवळच्या एका खेड्यांत. घर खातेंपितें, बुद्धि तीक्ष्ण. सोळाव्या वर्षींच त्यानें सरकारी परीक्षांतील पहिली पदवी मिळविली. आपल्याकडे पूर्वीं शास्त्रीबोवांना जो मान असे तो चीनमध्यें अशा पदवीधराला असे, आणि त्या मानाबरोबर एक लौकिक व्यवसायही चालून येई : भांडणें मिटविणें, अर्ज लिहिणें, कचेरींत कुणाची तरी बाजू मांडणें. यांत शीचा हातखंडा होता. पहिली बायको लवकर वारली. तिशीच्या सुमारास दुसरें लग्न झालें. पुढें प्रकृति ढांसळली, आणि मित्रांनीं सुचविलें कीं अफूचे दोन झुरके घेऊन पाहा, बरें वाटेल. बरें वाटलेंही. व्यसन पुष्कळदां असें औषधाच्या वेषानेंच घरांत शिरतें. मग जवळजवळ दहा वर्षें त्या नळीनें त्याला सोडलें नाहीं. एकदां तर तो आतां जातो असें समजून घरच्यांनीं चिनी रिवाजाप्रमाणें त्याच्या अंगावर ठेवणींतले कपडे चढविले होते, असें त्याची चरित्रकर्त्री सांगते.

अशांत १८७६ सालीं पाऊस फिरला. सोलापूर, विजापूर, नगर या बाजूच्या जुन्या घराण्यांना त्या वर्षाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सार्वजनिक सभेनें ज्याची गाऱ्हाणीं सरकारपुढें मांडलीं तोच तो दुष्काळ. त्याच सुमारास उत्तर चीनलाही पावसानें दगा दिला, आणि प्रशांत महासागराचें पाणी तापून होणाऱ्या 'एल निन्यो' या एकाच उत्पाताशीं आजचे हवामानशास्त्रज्ञ या दोन्ही दुष्काळांची सांगड घालतात. चीनमधील दुष्काळ १८७९ पर्यंत चालला. त्यांत ९० लाखांपासून १ कोटी ३० लाखांपर्यंत माणसें मेलीं असा अंदाज आहे, आणि सर्वांत अधिक होरपळला तो शान्सी प्रांत. ज्या शेतांत धान्य पिकायचें तेथें खसखस डोलत होती, म्हणून कोठारें रिकामीं राहिलीं, अशी तक्रार खुद्द चिनी अधिकाऱ्यांनींच केली.

या दुष्काळांत मदत वांटण्यासाठीं जे थोडे परदेशी तिकडे गेले त्यांत टिमोथी रिचर्ड आणि डेव्हिड हिल हे दोघे मिशनरी होते. हिल हा शांत व मितभाषी गृहस्थ होता. शिकलेल्या चिनी लोकांच्या घरांत आपल्याला कोणी उभें करीत नाहीं हें पाहून त्यानें १८७९ सालीं एक नामी युक्ति योजिली. पदवीधरांची परीक्षा तैयुआनला भरली असतां त्यानें निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय अफू, मूर्तिपूजा वगैरे. बक्षिसें रोख चांदीचीं. शीला पैशाची निकड होतीच. त्यानें वेगवेगळ्या नांवांनीं चार निबंध पाठविले आणि चारांपैकीं तीन बक्षिसें त्यालाच मिळालीं. या लबाडीबद्दल चरित्रकर्त्री त्याला दोष देत नाहीं. आम्हीही देत नाहीं, कारण नळी आणि उपासमार या दोहोंत सांपडलेल्या माणसाला एवढी हुशारी शिल्लक होती हेंच आश्चर्य. बक्षीस घेण्याच्या निमित्तानें तो भीतभीत हिलच्या बिऱ्हाडीं गेला, पुढें त्याचा चिनी भाषेचा शिक्षक म्हणून तेथेंच राहिला, आणि टेबलावर पडलेला नवा करार वाचूं लागला.

धर्म पालटणें त्याला अफू सोडण्याइतकें कठीण गेलें नाहीं असें दिसतें. नळी टाकल्यावर सुमारें सात दिवस अन्न नाहीं, झोंप नाहीं. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगाला थरकांप. हिलच्या औषधाचा फारसा उपयोग झाला नाहीं. ही आपल्या शरीराची ओढ नसून सैतान आपल्याशीं झुंजत आहे अशी त्याची खात्री झाली, आणि त्या झुंजींतून तो उठला तेव्हां त्यानें स्वतःचें नांव शंगमो, म्हणजे 'सैतानाला जिंकणारा', असें ठेविलें. इतकें भारी नांव जो स्वतःच स्वतःला ठेवितो त्याचा स्वभाव कसा असेल हें वाचक ओळखतीलच. पुढील हकीकतींत त्याचा उपयोग पडणार आहे.

येथें क्षणभर थांबून ही अफू चीनमध्यें आली कोठून हें पाहिलें पाहिजे, कारण त्या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या अगदीं दाराशीं येऊन पोंचतें. बंगालची अफू कंपनी सरकार स्वतःच्या मक्त्यांत पिकवून कलकत्त्यास लिलांवांत विकी. माळव्याची अफू मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखांत पिके आणि पश्चिम किनाऱ्यानें बाहेर पडे. कंपनीनें ती अडविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, तेव्हां माल आडवाटेनें पोर्तुगीजांच्या दमणला जाऊं लागला. शेवटीं १८३१ सालीं कंपनीनें हार खाऊन मुंबईची वाट खुली केली व पेटीमागें परवान्याची पट्टी बसविली. पुढें ही पट्टी चढत चढत सहाशें रुपयांवर गेली. मुंबईचे मोठमोठे व्यापारी या धंद्यांत होते : सर जमशेटजी जीजीभाई, मोतीशेट अमीचंद, आणि दमणच्या वाटेचा पुरा माहितगार असा गोमंतकीय रोजेरिओ द फारिया. पुढल्या पिढींत ससून घराणें त्यांच्या जागीं आलें. १८४५ सालीं उघडलेलें मुंबईचें जे. जे. रुग्णालय आणि पुण्याचें ससून रुग्णालय यांच्या पायऱ्या आपणांपैकीं कोण चढलेला नाहीं? त्या दानांमागच्या संपत्तींत चीनच्या व्यापाराचा मोठा वांटा होता, हें त्या दात्यांचा उपकार न विसरतांही सांगितलें पाहिजे. १८३९ सालीं लिन झशू या चिनी अधिकाऱ्यानें इंग्रज व्यापाऱ्यांकडून घेऊन नष्ट केलेल्या २०,२८३ पेट्यांत माळव्याचाही माल होता. आपल्यांतील सर्वांनाच हा व्यापार रुचत होता असें मात्र नाहीं. लंडनमध्यें कामा आणि कंपनीच्या पेढींत भागीदार असलेले दादाभाई नवरोजी अफू आणि दारू यांच्या नफ्याचा वांटा नको म्हणून त्या पेढींतून बाहेर पडले होते.

दोन युद्धें होऊन १८५८ सालीं चीनला अफूची आयात कायदेशीर मानावी लागली, आणि मग जें परक्यांना मोकळें तें आपल्यांना बंद कां ठेवावें, या न्यायानें देशांतच खसखशीची लागवड बेसुमार वाढली. शीच्या नळींतली अफू माळव्याचीच होती असें म्हणणें म्हणूनच खरें होणार नाहीं. त्याच्या वेळीं शान्सी स्वतःच पिकवीत होता. समुद्रानें आली ती संवय. बीं मागाहून गांवचें झालें. चांग चिटुंग हा कर्ता सुभेदार १८८२ पासून दोन वर्षें शान्सींत होता. त्यानें हें पीक उपटून टाकण्याचा हुकूम काढला, पण त्याची बदली होतांच शेतें पुन्हां फुललीं. ज्याच्या अंगणांतच विष उगवतें त्याचें व्यसन सुटावें कसें, हा शीच्या पुढला प्रश्न होता.

त्याचें पहिलें घर म्हणजे जवळच्या बाजारगांवांतलें एक औषधाचें दुकान. औषध घ्यायला येणाऱ्यांत अफूबाजच फार, म्हणून त्यांना मागल्या खोलींत ठेवून घ्यायला सुरुवात झाली. थोड्याच काळांत फान नांवाच्या एका गृहस्थाच्या खेड्यांत दुसरें घर निघालें. या घरांना चिनी भाषेंत जें नांव मिळालें त्याचा अर्थ 'स्वर्गाच्या निमंत्रणाची कचेरी' असा होतो. रीत साधी होती. येणाऱ्यानें नळी बाहेर ठेवून आंत यावें, कांहीं आठवडे तेथेंच राहावें, अन्नाचे व औषधाचे पैसे आपले आपण द्यावे. सकाळसंध्याकाळ प्रार्थना, शीनें स्वतः रचलेलीं पदें सर्वांनीं मिळून म्हणावीं. आणि मुख्य म्हणजे घर चालविणारा पूर्वाश्रमींचा अफूबाजच असे. मध्यरात्रीं हाडें मोडल्याप्रमाणें तळमळणाऱ्या रोग्याजवळ बसून 'मलाही असेंच झालें होतें' हें सांगणारा माणूस तेथें असे, आणि आमच्या समजुतीनें गोळ्यांहून हेंच औषध मोठें होतें. आजच्या व्यसनमुक्तीच्या केंद्रांत हेंच तत्त्व शास्त्र म्हणून शिकविलें जातें.

तरी पण गोळ्या लागतच. आरंभीं त्या मिशनऱ्यांकडून येत. एके वेळीं पुरवठा संपला, घरें रोग्यांनीं भरलेलीं, नवा माल येण्याचें चिन्ह नाहीं. शीनें उपवास धरून प्रार्थना केली आणि मग देशी वनस्पतींपासून स्वतःच गोळ्या करावयास घेतल्या. त्याला चिनी वैद्यकाची माहिती होतीच. भाविक लेखकांनीं या प्रसंगाला चमत्काराचा रंग दिला आहे. आम्हांला त्याचें महत्त्व निराळें वाटतें. त्या काळीं चीनमध्यें अफू सोडविण्याच्या म्हणून ज्या विलायती गोळ्या खपत त्यांत पुष्कळदां मॉर्फिनच असे, म्हणजे अफूचाच अर्क. लोक थट्टेनें त्यांना 'येशूची अफू' म्हणत. एक नळी सोडवून हातीं दुसरी दोरी देण्याचा तो प्रकार होता. शीचीं घरें आपल्या गोळ्यांवर चालूं लागलीं तेव्हां तीं परदेशी पुरवठ्यावर आणि परदेशी पैशावर अवलंबून राहिलीं नाहींत. मिशनच्या तिजोरींतून त्यांचा खर्च चालत नसे. ही गोष्ट त्यांच्या वाढीचें कारण झाली, आणि पुढच्या अनर्थाचेंही.

त्या अनर्थाकडे वळण्यापूर्वीं शीच्या पत्नीची एक हकीकत सांगितलीच पाहिजे. होचौ नांवाच्या शहरांत घर उघडावें म्हणून शी रोज घरच्या प्रार्थनेंत देवाला विनवीत असे. पैसा मात्र नव्हता. एके दिवशीं बायकोनें विचारलें कीं, इतके दिवस मागणेंच चाललें आहे, आतां कांहीं करावयाची वेळ नाहीं का आली? दुसऱ्या दिवशीं तिनें एक पुडकें आणून त्याच्यापुढें ठेविलें. त्यांत तिच्या लग्नांतल्या आंगठ्या, कर्णभूषणें, केसांतले चांदीचे कांटे, सारें कांहीं होतें. हें मला नसलें तरी चालेल, होचौला द्या, असें ती म्हणाली. दागिने विकून होचौचें घर उघडलें. आपल्याकडे सावकाराच्या घरीं गेलेल्या पाटल्या-बांगड्यांच्या कहाण्या प्रत्येक कुटुंबांत असतात. म्हणून या बाईनें किती दिलें हें आमच्या वाचकांतील स्त्रियांना पुरुषांपेक्षां अधिक चांगलें कळेल.

आतां १८८६. त्याच्या आदल्याच वर्षीं केंब्रिजचे म्हणून गाजलेले सात तरुण चीनमध्यें उतरले होते. त्यांतले स्टॅन्ली स्मिथ आणि डिक्सन होस्ट हे दोघे हुंगतुंगला आले. पहिला विद्यापीठाच्या नौकाशर्यतींतला वीर, दुसरा तोफखान्यांतला अधिकारी. हे दोघे चिनी पोशाख करून, वेणी वाढवून, शीच्या बरोबरीनें काम करूं लागले. हडसन टेलरनें त्या उन्हाळ्यांत शीला पाळक नेमलें, आणि मिशनरी वर व देशी उपदेशक खालीं ही त्या काळची नित्याची मांडणी निदान या एका कोपऱ्यांत तरी उलटली. ही गोष्ट जितकी दुर्मिळ तितकीच धोक्याची होती. शी हुकुमी स्वभावाचा. घर कोठें उघडायचें, कोणाला कोठें पाठवायचें, गोळ्या किती द्यायच्या, सारें तोच ठरवी. तो पहिल्यांत पहिला होता तोंपर्यंत बरोबरीचे म्हणून चाललेले सहकारी, त्याला दीक्षा मिळतांच, त्याचे नोकर ठरले. निदान त्यांना तसें वाटलें.

या असंतोषाचा पुढारी झाला तो फान, ज्याच्या खेड्यांत दुसरें घर निघालें होतें तोच. त्याच्याबरोबर आणखी कांहीं जण फुटले. शीच्या घरांजवळच त्यांनीं आपलीं घरें उघडलीं, दर कमी ठेविले, आणि गोळ्याही आपल्या आपण तयार केल्या. शीची निंदानालस्ती झाली, त्याच्यावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली. कित्येक महिने कोणत्या गांवीं कोणतें घर कोणाचें हें बाहेरच्या माणसाला कळेनासें झालें. चरित्रकर्त्री याला सैतानाचा हल्ला म्हणते. आमची दृष्टि जरा खालच्या पातळीवर जाते. ज्या घरांत रोगी पैसे देऊन राहतात तें घर चालविणें हा दुष्काळानें नागवलेल्या मुलखांत एक चरितार्थ होता. शेतें गेलेल्या, कुळें विखुरलेल्या माणसाला त्या घरानें अफूपासून सोडविलें आणि पोटालाही लाविलें. मग त्या घराचा धनी कोण, हा प्रश्न आज ना उद्यां निघणारच होता. परदेशी पैशावर चाललेल्या संस्थेंत हा वाद लंडनला पत्रें लिहून मिटला असता. येथें तो गांवच्या वेशींत लढला गेला. फानच्या बाजूनें लिहिलेला एकही शब्द या चरित्रांत आपल्याला वाचावयास मिळत नाहीं. तो केवळ मत्सरी होता, कीं त्याच्या घरावर उभ्या राहिलेल्या कार्यांत त्याला आपला वांटा हवा होता, याचा निवाडा एका पक्षाच्या कैफियतीवरून करणें आम्हांला प्रशस्त वाटत नाहीं.

शेवट कसा झाला? स्वस्त घरें टिकलीं नाहींत. त्यांच्या गोळ्यांनीं गुण येईना, रोगी परत फिरूं लागले, आणि चालकांतच आपसांत बेबनाव झाला. या सबंध काळांत शीनें कचेरीची पायरी चढली नाहीं, हें आम्हांला विशेष वाटतें. अर्ज लिहिण्यांत आणि प्रतिपक्षाला कायद्याच्या पेंचांत धरण्यांत ज्याची हयात गेली होती त्याला हा मार्ग सर्वांत सोपा होता. त्यानें तो घेतला नाहीं; उपवास केले, घरें चालू ठेविलीं, आणि जे गेले त्यांच्या जागीं नवे चालक तयार केले. फुटीच्या काळांतही नवीं घरें उघडलीं गेलीं.

दुसऱ्या वर्षीं, १८८७ च्या एप्रिलांत, हुंगतुंगला २१६ जणांचा एकाच वेळीं बाप्तिस्मा झाला. मिशनच्या मासिकांतून ही संख्या सर्वत्र गाजली, आणि आजही या हकीकतीचा उल्लेख करणारे बहुतेक लेखक येथेंच थांबतात. आम्हांला थांबवत नाहीं. त्या २१६ जणांपैकीं सर्वच टिकले नाहींत. कित्येक पुन्हां नळीकडे गेले, कित्येकांनीं मंडळी सोडली. आदल्या वर्षीं अर्धें घर फुटलेलें असतां एवढी घाई करावी काय, असा प्रश्न मनांत येतो. घरांतून बरा होऊन निघालेला शेतकरी पुन्हां त्याच गांवीं जाई. तेथें शेजाऱ्याच्या शेतांत खसखशीच्या बोंडांना चिरा पडलेल्या असत, पाहुण्याला नळी पुढें करणें हा शिष्टाचार असे. अशा ठिकाणीं माणूस सुटला कीं नाहीं हें त्या दिवशीं मोजून कळत नाहीं. दहा वर्षांनीं कळलें तर कळतें.

हीं दहा वर्षें शीला मिळालीं नाहींत, पण जवळजवळ मिळालीं. त्याचीं घरें शान्सीच्या बाहेर शेन्सी, होनान व चिली या प्रांतांत गेलीं. १९ फेब्रुवारी १८९६ रोजीं तो वारला. चार वर्षांनीं बॉक्सर बंडांत शान्सींतल्या ख्रिस्ती लोकांची जी कत्तल झाली ती त्याला पाहावी लागली नाहीं. १९०६ सालीं चिनी सरकारनें दहा वर्षांत अफू बंद करण्याचा हुकूम काढला, पुढल्या वर्षीं इंग्रजांनीं निर्यात दरसाल दहावा हिस्सा कमी करण्याचें कबूल केलें, आणि १९१३ सालीं हिंदुस्थानांतून चीनला जाणारी अफू थांबली. मुंबईच्या बंदराचा हा जुना व्यवहार असा संपला, तेव्हां त्यावर कुणी सुतक पाळलें नाहीं कीं आनंदही केला नाहीं.

शीचें चरित्र हडसन टेलरच्या सुनेनें दोन भागांत लिहिलें. पहिला भाग १९०० सालीं व दुसरा १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. तें भक्तिभावानें लिहिलेलें आहे आणि त्याच बेतानें वाचलें पाहिजे. त्याला प्रस्तावना आहे ती डिक्सन होस्टची, जो शीच्या हाताखालीं सुमारें दहा वर्षें राहिला आणि पुढें हडसन टेलरच्या जागीं साऱ्या मिशनचा प्रमुख झाला. होस्ट शीचा हुकुमीपणा झांकून ठेवीत नाहीं. शीचा स्वभाव मूळचा करडा आणि दुसऱ्यावर सत्ता गाजविणारा होता, असें तो मोकळेपणानें लिहितो, आणि तो वर्षांगणिक मऊ होत गेलेला आपण जवळून पाहिला असेंही नमूद करतो. ज्या वर्षीं सोबती फुटले त्या वर्षानंतरच होस्टला ही मऊपणाची वाट दिसूं लागली असावी, असा आमचा तर्क आहे. घरांचा हिशेब, रोग्यांची संख्या, बाप्तिस्म्यांची मोजदाद हें सारें त्या प्रस्तावनेंत आम्ही शोधीत होतों. तेथें होस्टनें मुख्यतः आपल्या सोबत्याच्या स्वभावाविषयींच लिहिलें आहे.